तळ्यावरची फांदी

सगळा जानेवारी हाडं फोडणारी थंडी पडली, तेव्हा गोठ्यातला नळ मुकाट वाहत होता. आणि मार्च उजाडून छपरावरून पाणी गळायला लागलं, दुपारी कोट काढून काम करावंसं वाटू लागलं, त्याच आठवड्यात तो बंद पडला. विहिरीपासून गोठ्याला आणि गोठ्यातून घराला एकच पाइप जमिनीखालून आलेला. तो मधेच कुठेतरी गोठला होता. शैलेंद्रने नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. नळाने एकदा घसा खाकरला आणि गप्प बसला.

"उन्हात कसा गोठतो हा?" शैलेंद्र म्हणाला.

"मला काय विचारताय? इंजिनिअर तुम्ही," रेखा म्हणाली.

बारा गाई माना वळवून दोघांकडे बघत होत्या. त्यांना तहान लागली होती आणि त्यांना इंजिनिअरशी काही देणंघेणं नव्हतं.

तळ्यापलीकडची डोरिस आली. साठी उलटलेली, नवऱ्यामागे एकटीने शेती सांभाळणारी बाई. तिने नळाकडे पाहिलं नाही, जमिनीवर बुटाची टाच आपटली.

"थंडी वरून खाली उतरत असते," ती म्हणाली. "वर ऊन पडलं म्हणून खालची थांबत नाही. ती उतरतेच आहे अजून. एप्रिलपर्यंत वाट बघ."

"एप्रिल!"

"नाहीतर खण." तिने पहार उचलून त्याच्या हातात दिली. शैलेंद्रने अर्धा दिवस खणलं. हात सोलले, जमिनीचा टवकासुद्धा धड निघाला नाही. दगडावर मारल्यासारखी पहार परत यायची आणि दंडात झिणझिण्या आणायची. संध्याकाळी त्याने पहार भिंतीशी ठेवली.

हे सगळं ओढवून घेतलेलं होतं, हे रेखाला रोज आठवायचं. शैलेंद्र मूळचा कराडकडच्या खेड्यातला. अमेरिकेत आल्यावर ट्रॉय शहरात मोटारींच्या कारखान्यात ब्रेकची डिझाइनं करायचा. मंदीत कारखान्याने माणसं काढली, त्यात हा गेला. बाकीच्यांनी इकडे तिकडे अर्ज केले, कुणी टेक्सासला गेलं. याने मात्र उत्तरेकडे अडीच तासांवर, जिथे एक चर्च, एक धान्याची गिरण आणि एक पेट्रोल पंप एवढंच गाव आहे, तिथे म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून गाईंसकट गोठा घेतला. ट्रॉयची मराठी मंडळी म्हणाली, अमेरिकेत येऊन शेण काढतोय. समोर कुणी म्हणालं नाही, पण रेखापर्यंत पोचायचं ते पोचलंच. रेखा नाशिकची, बँकेतल्या माणसाची मुलगी. लग्नाआधी तिने गाय फक्त रस्त्यात आडवी आलेली पाहिली होती. आता पाच वर्षांत तिच्या मनगटाला दूध काढणाऱ्याची ताकद आली होती आणि स्वभावाला धार. शेताचा तिला मनापासून राग होता. पण ट्रॉयला परत जाऊन त्या बायकांच्या हळदीकुंकवात 'अखेर आलात ना' असं ऐकायचं, यापेक्षा राग परवडला.

तर आता पाणी. दोन प्रकारचं लागायचं. गाईंना तळ्याचं चालणार होतं. दूध काढायची यंत्रं, नळ्या, टाकी धुवायला मात्र तळ्याचं चालत नव्हतं. त्याला स्वच्छ पाणीच हवं, नाहीतर दुधाला वास लागतो आणि टँकरवाला घेत नाही. डोरिसची विहीर जुनी, घराच्या तळघरातच होती, म्हणून ती गोठत नव्हती. ती म्हणाली, "धुवायचं नि प्यायचं मी देते. सकाळी घेऊन येईन. गाईंचं तुम्ही बघा."

आणि ती दुसऱ्या दिवसापासून यायला लागली. बर्फावरून ओढायच्या स्लेजवर दुधाचे दोन कॅन बांधायचे, दोर खांद्यावर घ्यायचा आणि तळ्यावरून सरळ चालत यायचं. रस्त्याने फेरा पडतो. तळ्यावरून आलं की दहा मिनिटांत दारात. हिवाळ्यात सगळं गाव असंच चालायचं.

गाईंच्या पाण्यासाठी तिने स्वतः उभं राहून भोक पाडून घेतलं. नवऱ्याची जुनी बर्फाची करवत आणली, दात वीतभर लांब. काठापासून थोडं आत शैलेंद्रने पहारीने छेद केला, मग करवत घातली. रेखा दुसऱ्या बाजूने ओढत होती. बर्फाचा चौकोन सुटला, पाण्यात तिरपा झाला, आणि काळं पाणी वर आलं. त्या पाण्याला जुन्या पानांचा वास होता.

डोरिसने काखेतली पाइनची फांदी भोकाच्या कडेला बर्फात रोवली. काठाकाठाने तिचीच पाइनची झाडं होती, येताना तिने तोडून आणली होती.

"भोक पाडलं की फांदी लावायची," ती म्हणाली. "रात्रीत वर पातळ साय धरते, त्यावर हिम पडतं, मग भोक कुठलं आणि तळं कुठलं ते कळत नाही. फांदी दिसली की माणूस वळून जातो. इथे पोरांनासुद्धा माहीत असतं. फांदी नाही तर भोक नाही."

"कळलं," रेखा म्हणाली.

मग सुरू झालं. भोकातून बादली ओढायची, कॅनमध्ये ओतायची, स्लेज गोठ्यापर्यंत चढावर ओढायची, रिकामी करायची, परत. गाय एक खेप चार घोटांत संपवते आणि पुढच्या खेपेकडे बघते. हातमोजे भिजायचे, मग कडक व्हायचे, मग बोटं आहेत की नाहीत ते बघून ठरवावं लागायचं. दुपारी चढावर चिखल, संध्याकाळी तोच चिखल काचेसारखा. शैलेंद्र दोनदा आपटला. दुसऱ्यांदा कॅन त्याच्या नडगीवर आला.

"घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं," रेखा म्हणाली. "आपल्यात घोडं कोण ते ठरवा एकदा."

"जरा गप्प बसशील?"

"गप्पच तर बसले पाच वर्षं."

घरात शैलेंद्रची आई होती. सुमित्राबाई. सहा महिन्यांसाठी म्हणून ऑक्टोबरात आल्या आणि हिवाळ्यात सापडल्या. सुनेच्या मोज्यांवर नऊवारी, त्यावर मुलाचा ओव्हरकोट. तक्रार करायच्या नाहीत, पण स्वस्थही बसायच्या नाहीत. त्यांचं एकच दुखणं होतं, निर्माल्य. रोजच्या पूजेची सुपरमार्केटातली फुलं, अक्षता, सुपारी, सगळं त्यांनी ऑक्टोबरापासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून ठेवलं होतं. व्हरांड्यात पिशव्यांची रांग लागली होती. कचऱ्यात टाकायचं नाही, जाळायचं नाही, पाण्यात सोडायचं. आणि पाणी तर दगड होऊन बसलेलं.

तळ्याला भोक पडलंय म्हटल्यावर त्या पहिल्याच दुपारी दोन पिशव्या घेऊन निघाल्या. शैलेंद्र वरून ओरडला, "आई! गाई पितात ते पाणी!"

"गाईला देवाच्या फुलाचं काय वावडं?"

"त्यावर औषधं मारलेली असतात गं. चंद्री गाभण आहे. तिला काही झालं तर?"

म्हातारी परत फिरली. पण रोज संध्याकाळी पिशव्या मोजल्यासारखं करायची आणि उसासा सोडायची. तो उसासा ऐकून ऐकून रेखाचं डोकं उठलं. चौथ्या दिवशी ती करवत घेऊन गेली आणि वाळुंजाच्या झाडाखाली, गाईंच्या भोकापासून लांब, डोरिसच्या वाटेजवळ, एक लहान भोक पाडलं. परातीएवढं पाडायचं होतं, पण तिथे बर्फ पातळ निघाला आणि कड तुटून मोठं झालं. डोरिस त्याच वेळी रिकामे कॅन घेऊन निघाली होती. तिने आपल्या झाडाची एक फांदी मोडली आणि रेखाच्या हातात दिली. रेखाने ती रोवली.

"घ्या," रेखा घरात येऊन म्हणाली. "तुमच्या देवाची सोय केली. आता रोज थोडंथोडं सोडा, आणि तो उसासा बंद करा."

सासूबाई हसल्या. "तोंडाने खाष्ट आहेस, पण करतेस गं."

फांदी कशासाठी आहे ते मात्र कुणी त्यांना सांगितलं नाही. शैलेंद्रला वाटलं, रेखाने सांगितलं असेल. रेखाला सांगायचं सुचलंच नाही. तिला त्या दिवसांत झोपेखेरीज काही सुचत नव्हतं.

आठवड्याच्या शेवटी ट्रॉयहून गिरीशचा फोन आला. हा तिथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष, शैलेंद्रचा जुना कलीग.

"काय शैल्या, चंद्रीची डेट काय आहे?"

"आज-उद्या होईल."

"चीक ठेव यार. सगळे विचारतायत. लास्ट टाइम खरवस पुरला नाही, आमची वीणा अजून बोलून दाखवते. आम्ही संडेला ड्राइव्ह करून येतो, दोन-तीन गाड्या."

"पाइप गोठलाय गिरीश. पाणी नाही घरात."

"अरे मग प्लंबर बोलव ना. चीक मात्र विसरू नको हं."

शैलेंद्रने फोन ठेवला. रेखा टेबलाशी उभी राहून ऐकत होती. तिला हसूही आलं आणि रडूही. शेण काढतो म्हणणाऱ्यांना चीक मात्र हवा होता.

यंदा महाशिवरात्र मार्चात आली होती. आदल्या रात्री पुन्हा कडाका पडला आणि पहाटे भुरभुर हिम पडलं. सुमित्राबाई उजाडताच उठल्या. कराडहून निघताना बेलाची सुकी पानं बरोबर घ्यायची राहिली म्हणून हळहळल्या. घरात हिरवं पान नाही. महादेवाला काय वाहायचं? त्या निर्माल्याची पिशवी घेऊन वाळुंजाखाली गेल्या. भोकावर साय धरली होती. काठीने टोचून त्यांनी फुलं आत सारली. आणि समोर, एवढ्या पांढऱ्यात, एकच हिरवी गोष्ट उभी होती. त्यांनी हात जोडले, फांदी उपटली आणि घरी आणली.

डोरिस नेहमीच्या वेळी आली. रेखा गोठ्याच्या दारात होती. तिला पलीकडून दोर खांद्यावर घेतलेली डोरिस दिसत होती. चंद्री रात्रीपासून अस्वस्थ होती म्हणून रेखा आत वळली, आणि तेवढ्यात आवाज झाला. फार मोठा नाही. फळी मोडावी तसा.

रेखा धावली. डोरिस मांडीपर्यंत पाण्यात होती, एक पाय आत, एक गुडघा बर्फावर, दोन्ही हात पसरून पालथी पडलेली. कॅन कलंडले होते आणि चांगलं पाणी तळ्यावर पसरत होतं.

"जवळ येऊ नको!" डोरिस ओरडली. "आडवी हो! दोर धर!"

रेखा पोटावर आडवी झाली आणि सरपटत गेली. दोर हाताला पिळून घेतला आणि ओढला. बर्फ करकरत होता. शैलेंद्र धावत आला, त्याने रेखाचे पाय धरले. डोरिस बाहेर आली तेव्हा तिची पँट नडगीपासून फाटली होती आणि रक्त येत होतं. ती उभी राहिली नाही, काठापर्यंत सरपटली, मग बसली आणि मागे वळून पाहिलं.

"फांदी कुठे आहे?" ती म्हणाली.

रेखाने वाळुंजाखाली पाहिलं. तिथे नुसतं हिम होतं.

तिला घरात आणलं, चुलीशी बसवलं. रेखाने तिचे बूट ओढून काढले. सुमित्राबाईंनी घोंगडं आणलं, खोबरेल कोमट केलं आणि न विचारता जमिनीवर बसून तिचे तळवे चोळायला लागल्या. डोरिसने आधी पाय ओढून घेतला, मग सोडून दिला. तिचे दात वाजत होते. ती चुलीकडे, मग भिंतीकडे, मग कोपऱ्यातल्या देवाकडे बघत राहिली. पाटावर महादेवाची पिंड होती. तिच्यावर तांदूळ, भस्म, आणि आडवी ठेवलेली पाइनची फांदी. फांदीला कुंकवाची बोटं लागली होती.

"ती माझी फांदी," डोरिस म्हणाली.

"अगं, ही काय म्हणतीये?" सुमित्राबाईंनी विचारलं.

रेखाने सांगितलं. सगळं, करवतीपासून फांदीपर्यंत. सुमित्राबाईंचे हात थांबले. त्यांनी तेलकट हात पदराला पुसले नाहीत, तसेच मांडीवर ठेवून बसल्या.

"मला कुणी बोललं का?" त्या म्हणाल्या. "आं? दोन दोन शिकलेली माणसं घरात. कुणी एक शब्द बोललं का?"

शैलेंद्र म्हणाला, "आय ॲम सॉरी, डोरिस. खरंच." तो हे तीनदा म्हणाला. डोरिसने मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने वाळत घातलेली ओली पँट मागून घेतली, चढवली, आणि शैलेंद्रच्या ट्रकमधून रस्त्याने घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. पाणीही आलं नाही.

रेखाने हिम वितळवलं. मोठ्या पातेल्यात डोंगर भरावा आणि तळाशी चार वाट्या पाणी राहावं, त्यातही काड्या आणि राख. तेवढ्यात यंत्रं कशी धुणार? धुतल्यासारखं केलं. टँकरवाला आला, टाकीचं झाकण उघडून त्याने वास घेतला, आणि झाकण बंद केलं.

"नाही चालणार," तो म्हणाला. रेखाकडे न बघता म्हणाला, तेच तिला जास्त लागलं. दोन दिवसांचं दूध शैलेंद्रने गटारात सोडलं. पांढरी धार चिखलातून तळ्याच्या दिशेने गेली. तो नळीजवळ उकिडवा बसून राहिला, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, "विकून टाकूया का गं?"

हेच ऐकायला रेखा पाच वर्षं आसुसली होती. आणि ऐकल्यावर तिने पुढे होऊन नळी बाजूला सारली.

"आधी चंद्रीकडे बघा," ती म्हणाली.

चंद्री संध्याकाळी व्याली. कालवड. शैलेंद्र कोपरापर्यंत हात घालून होता, रेखाने पाय धरले होते, सुमित्राबाई कंदील धरून देवाचं नाव घेत होत्या. कालवड उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली आणि आचळाला लागली. तिचं पोट भरल्यावरही चिकाची बादली भरली. पिवळाधम्मक, घट्ट.

"ट्रॉयला फोन करतो," शैलेंद्र म्हणाला.

"करा," रेखा म्हणाली. "सांगा, चीक संपला."

सकाळी तिने वेलची, गूळ घालून खरवस उकडला. चांगला बसला. वड्या पाडल्या, डबा भरला आणि रस्त्याने डोरिसकडे चालत निघाली. वाटेत तिने इंग्रजीत वाक्यं जुळवली. आमची चूक आहे. तुम्ही पाणी दिलं नाहीत तर गोठा बंद होईल. हे सरळ म्हणायचं, गोडधोड करून नाही. मग हातातला डबा बघून तिलाच राग आला.

डोरिस स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली होती. पाय खुर्चीवर, नडगीला पट्टी. तिने चमचा घेतला, डबा उघडून वास घेतला.

"काय आहे?"

"चंद्रीचं पहिलं दूध. त्याचं करतात. आमच्याकडे हे... मान असतो याचा."

"पहिलं दूध?" डोरिसने चमचा खाली ठेवला. "ते वासराचं असतं! वासराच्या तोंडचं काढून खाता तुम्ही?"

"वासराचं पोट भरलंय," रेखाचा आवाज चढला. "आम्ही काही राक्षस नाही. फांदी उपटली ती म्हाताऱ्या बाईने देवासाठी उपटली, तिला माहीत नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं. माझं! तुम्ही पडलात ते माझ्यामुळे. आणि तरी मी पाणी मागायला आले आहे, कारण तुमच्याखेरीज मला कुणी देणार नाही. आता काय म्हणायचं ते म्हणा."

डोरिसने डबा बाजूला सारला. ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या कपाळावर आठी पडली.

"तुम्ही किती भोकं पाडलीत?" तिने विचारलं.

"दोन."

"मग ते काय आहे?"

रेखा खिडकीशी गेली. तळ्यावर जिकडे तिकडे पाइनच्या फांद्या उभ्या होत्या. काठाला, मधे, वाळुंजाखाली, जिथे काहीच नव्हतं तिथेही. कुंपणाशी वादळात पडलेलं झाड होतं, त्याचं कुणीतरी अंग अंग मोडून आणलं होतं. आणि त्या फांद्यांच्या मधोमध ओव्हरकोट घातलेल्या सुमित्राबाई वाकून आणखी एक रोवत होत्या. त्यांच्या पायाशी उन्हाने सुटलेलं पाणी चमकत होतं.

"देवा," रेखा म्हणाली.

"सगळीकडेच फांद्या, मग भोक कुठलं ते कळायचं कसं!" डोरिस ओरडली. तिने पाय खाली घेतला, विव्हळली, बूट ओढले. "आणि ती उभी कुठे आहे बघ! मार्चात! या उन्हात!"

दोघी उतारावरून गेल्या, डोरिस लंगडत, रेखाच्या खांद्याचा आधार घेऊन. काठाशी पोचेपर्यंत दोघींचा दम गेला होता.

"आई! जागच्या हलू नका!" रेखा ओरडली. "नाही, या! हळू या! आल्या पावली या!"

सुमित्राबाईंनी मान वर केली. त्यांना घाई नव्हती. आपल्याच बुटांच्या खुणांवर पाय ठेवत, काठीने टोचत त्या आल्या. तळं दोनदा खोल कण्हलं. रेखाने श्वास धरला होता. शेवटच्या पावलाला डोरिसने हात पुढे करून त्यांना दंडाला धरून ओढलं.

"एवढ्या कशाला लावल्या?" रेखाला रडू फुटलं. "दोनच लावायच्या होत्या ना!"

"खालून सगळं पोकळ वाजतंय गं," सुमित्राबाई म्हणाल्या. "मग दोनच कशा लावू? देवावरची होती ती पण लावली परत. कुंकवाची ती खरी. सांग तिला."

रेखाने सांगितलं. डोरिसने वाळुंजाखाली पाहिलं. तिथल्या फांदीवर लाल बोटं दिसत होती. मग तिने बुटाने काठाचा बर्फ दाबला. तो दबला आणि कडेने पाणी वर आलं.

सुमित्राबाईंच्या हातात एक फांदी उरली होती. ती त्यांनी डोरिसपुढे धरली. डोरिसने घेतली. काही पावलं लंगडत चालली, आणि जिथून तिची वाट तळ्यावर उतरायची, तिथे, तिच्या स्वतःच्या पाऊलवाटेच्या तोंडाशी, तिने ती खोल रोवली.

"आता कुणीच नाही जायचं," ती म्हणाली. "गाईंचं पाणीही माझ्याकडूनच न्या. ट्रॅक्टर काढते. रस्त्याने येईन उद्यापासून. लांब पडतं मला, पायही दुखतो." ती थांबली. "दारात कॉफी तयार ठेवा. आणि ते वासराचं मला नको."

रेखाने नाक पुसलं.

"ठेवते," ती म्हणाली. "पण कॉफीला पाणी तुमचंच लागेल."